चिठ्ठ्या टाकता येत नाहीत तेव्हा

कोणाला उपाय द्यायचा आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवता आलं नाही, तर परिणाम कसा ओळखायचा? त्याचे हे काही मासले.

अमेरिकेतलं कनेक्टिकट राज्य, १९५५. रस्ते अपघातांत ३२४ मृत्यू. गव्हर्नर रिबिकॉफ यांनी भरधाव गाडी हाकणाऱ्यांचे परवाने निलंबित करण्याचा धडाका लावला. पुढच्या वर्षी २८४ मृत्यू. चाळीस जीव वाचले, अशी शाबासकीही घेऊन झाली.

कॅम्पबेल आणि रॉस या संशोधकांनी १९६८ साली मागचीपुढची वर्षं शेजारी मांडली. आकडा आधीपासूनच वरखाली होत होता आणि १९५५ हे त्यातलं भलतंच वाईट वर्ष. कडक धोरण आलं तेही त्यामुळेच. इतका चढलेला आकडा काही न करताही थोडा उतरतो. मग त्यांनी शेजारच्या राज्यांशी ताडून पाहिलं. घट दिसली, पण ती धोरणामुळेच झाली याचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही. शिवाय परवाना निलंबित असताना गाडी चालवणारे वाढले, हा हिशेब वेगळाच.

घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्यांना जादा तास, पुढच्या चाचणीत सुधारणा, संस्थेच्या अहवालात तक्ता. असे तक्ते बघताना मला रिबिकॉफ आठवतात.

मानसशास्त्रज्ञ शाय, सिएटल, १९५६ पासून दर सात वर्षांनी बुद्धीच्या चाचण्या. तिशीतला आणि सत्तरीतला माणूस एकाच दिवशी तपासला, तर वयाबरोबर बुद्धी लवकर ओसरते असं दिसतं. पण सत्तरीतल्याची शाळाच निराळी होती! त्याच माणसांचा वर्षानुवर्षं माग काढला, तर ठळक घसरण बहुतेक साठीनंतर. अर्थात मध्येच गळणारे बहुधा आजारी, टिकणारे धडधाकट. म्हणून शाय दर फेरीत नवी माणसं घेत गेले. चिकाटी म्हणावी ती ही.

काही वेळा एकच माणूस पुरतो. स्मृतीचा अभ्यासक एबिंगहाउस: प्रयोग करणारा तोच, प्रयोग होणाराही तोच. निरर्थक अक्षरं पाठ करायची, विसरायची, पुन्हा पाठ करायची. १८८५चं पुस्तक. विस्मरणाचा आलेख अजून टिकून आहे.

१९६४चा बालवाडीतला अभ्यास. चार वर्षांची एकलकोंडी मुलगी. ती इतर मुलांत मिसळली की बाई लक्ष देत, एकटी असली की नाही. ती खेळू लागली. मग बाईंनी मुद्दाम उलट केलं, आणि ती पुन्हा एकटी. मग परत पहिल्यासारखं. पुरावा पक्का, हे मान्य. पण ती मधली पायरी मला खुपते.

वाचायला शिकलेल्या मुलाच्या बाबतीत तर ती पायरी शक्यही नाही, शिकलेलं मागे घेता येत नाही. तिथे तीन मुलांना वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवायला सुरुवात करतात, आणि ज्याची पाळी आली त्याचीच प्रगतीची रेघ वर चढते का, ते बघतात.