विहिरीचा उतार

पडद्यावर दोन बाणांची खूण येते आणि तिच्या शेजारी एक बारीक रेघ लुकलुकत राहते. ऑक्टेव्ह या गणिती प्रोग्रामच्या बाकीच्या खिडक्या मी बंद करून टाकतो, मला तेवढीच जागा पुरते. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर खाली हजर. त्या उत्तरातून नवी शंका निघते, ती पुढच्या ओळीत. शंका आणि उत्तर यांच्यात इतकं कमी अंतर असलं की माणूस जास्त शंका घ्यायला लागतो. या प्रोग्रामने मला दिलेलं सगळ्यात मोलाचं काय असेल, तर ते हे.

बऱ्हाणपूरजवळच्या आमच्या बहादरपुरात उन्हाळ्याच्या रात्री भिंती उशिरापर्यंत गरम असतात, झोप लवकर येत नाही. अशाच एका रात्री भास्कराचार्यांचं एक जुनं गणित काढून बसलो. आमचं बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकींच्या काळात ती खानदेशाची राजधानी होती. आणि भुसावळमार्गे चाळीसगाव गाठलं की जवळच पाटणे आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा 1207 सालचा शिलालेख तिथलाच. त्यांच्या जन्मगावावरून विद्वान भांडोत, आमच्या मुलखात त्यांचं गणित शिकवलं जात होतं, याला दगड साक्षी आहे.

1150 सालच्या बीजगणितातलं ते गणित असं: एक संख्या शोधा, जिच्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग यावा. ऐकायला सोपं. सगळ्यात लहान उत्तर मात्र 226153980, आणि येणाऱ्या वर्गाचं मूळ, म्हणजे दुसरी संख्या, 1766319049. फर्माने युरोपातल्या गणितज्ञांपुढे हाच प्रश्न 1657 मध्ये टाकला. भास्कराचार्यांनी तो चक्रवाल पद्धतीने पाचशे वर्षं आधीच सोडवून ठेवला होता, कागद नाही की यंत्र नाही.

मी दोन्ही संख्या टंकल्या. मोठीचा वर्ग, त्यातून धाकटीच्या वर्गाची 61 पट वजा. उत्तर यायला हवं 1. पडद्यावर आलं 0.

मी बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिलो. भास्कराचार्य चुकले नव्हते, हे मला ठाऊक होतं. ऑक्टेव्ह नेहमीच्या पद्धतीने संख्या साठवतं तेव्हा तिचे साधारण सोळा अंकच भरवशाचे असतात, आणि हे वर्ग तर एकोणीस अंकी. एवढ्या मोठ्या संख्यांच्या प्रदेशात यंत्राला ओळखता येणाऱ्या दोन शेजारच्या संख्यांमध्ये 512 चं अंतर पडतं. शेवटचा तो एक त्या फटीत हरवला. मग त्याच संख्या यंत्राला 64 बिटांचे पूर्णांक म्हणून सांगितल्या, पुन्हा गुणाकार केला, आणि 1 आला. यंत्राचं उत्तर हे आपण विचारलेल्या रीतीचंही उत्तर असतं, ही समज मला पुस्तकातून इतकी स्वच्छ कधी झाली नव्हती.

ऑक्टेव्हवर काम 1992 मध्ये सुरू झालं. रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रासायनिक भट्ट्यांची गणितं सोडवता यावीत म्हणून जॉन ईटन यांनी ते लिहायला घेतलं आणि ऑक्टेव्ह लेव्हनश्पील या प्राध्यापकांचं नाव त्याला दिलं. हाताशी येईल त्या कागदावर झटपट अंदाज बांधण्यात ते प्राध्यापक वाकबगार होते. आज तो प्रोग्राम कोणालाही फुकट घेता येतो, उघडून आत बघता येतो, बदलता येतो. त्याच जातीचं सायलॅब फ्रान्समधलं. त्याचे धडे मुंबईच्या आयआयटीने मराठी आवाजातही उपलब्ध करून दिलेत. लहान गावातल्या पोराला महागडा परवाना परवडत नाही, पण तेवढ्यासाठी त्याची शंका लहान राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझी स्वतःची मोठी शंका नानांच्या वहीतली. माझे वडील दर आमुशेला विहिरीचं पाणी मोजत. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडायची, वर ओढली की जेवढी भिजली तेवढी हाताने मोजायची. वहीत लिहिलेलं असे: सात हात चार बोटं. मी बोटांना 24 ने भागून हात केले, आणि दोन आमुशांमधलं सरासरी अंतर 29.53 दिवस धरून नोंदी ओळीने मांडल्या. अधिक महिनाही त्यात आपोआप बसला, कारण नानांनी तीही आमुशा सोडली नव्हती.

पहिला आलेख नुसता करवतीचे दाते. श्रावण-भाद्रपदात उभी चढण, पुढे जेठापर्यंत वाकत जाणारी उतरण. मग सेमीलॉगवाय ही आज्ञा दिली. या आलेखात उभ्या अक्षावर एकाहून दोन आणि चाराहून आठ यांना सारखीच जागा मिळते, त्यामुळे दर महिन्याला ठराविक हिश्श्याने घटणारी गोष्ट सरळ रेषेत येते. एंटर दाबलं आणि त्या वाकड्या उतरणी सरळ झाल्या. चांगल्या पावसाचं साल वर, दुष्काळी साल खाली, पण रेषा एकमेकींना समांतर, नांगराच्या तासांसारख्या. पाऊस किती पडला ते आभाळाकडे. पाणी कोणत्या गतीने सोडायचं ही जमिनीची स्वतःची सवय होती, आणि ती वर्षानुवर्षं बदलली नव्हती. नानांना हे ठाऊक असावं. ते दसऱ्याचं पाणी बघून गव्हाला किती पाळ्या मिळतील ते सांगत.

वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र रेषा जास्त तिरप्या होतात. सरळ रेषा बसवणाऱ्या पॉलीफिट या आज्ञेने प्रत्येक सालाचा उतार काढला, तो डोळ्यांना दिसत होता तसाच निघाला: जमीन पाणी आधीपेक्षा लवकर सोडत होती.

या मुलखाला पाण्याचा उतार नवा नाही. अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत, 1615 मध्ये, तबकुतुल अर्झ या इराणी जाणकाराने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवलं आणि कुंडी भंडाऱ्याच्या भुयारातून, कुंड्यांच्या माळेखालून, नुसत्या उतारावर बऱ्हाणपुरात आणलं. त्याने झिरप ओळखली, मग खोदलं. आम्ही आधी खोदलं.

पण हे मी रागाने म्हणतो, आलेख तसं म्हणत नाही. तो उतार बदलला एवढंच सांगतो, का बदलला ते नाही. केळी वाढली म्हणून? बोअर पडल्या म्हणून? आमच्याच मोटरीमुळे? मोटर बसली ते साल नानांनी वहीच्या समासात लिहून ठेवलंय. केळीखालचं क्षेत्र पटवाऱ्याच्या गिरदावरीत सालवार मिळेल, ते याच अक्षावर वेगळ्या रंगात घालायचं आहे. बोअरची सालं मात्र घरोघर जाऊनच विचारावी लागतील. दिवाळीनंतर वरच्या आळीपासून सुरुवात करतो.