पहाटेचं पाणी

पिशवीत काचेच्या बुचाच्या चार बाटल्या, आम्लाची कुपी आणि पिपेट घेऊन कुणी नदी बघायला जातं का, असं घरच्यांनी विचारलंच. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने आणखी काय घेऊन जावं? पंचगंगा मला पुस्तकातल्यासारखी, पहिल्या पानापासून वाचायची होती. सुरुवात प्रयाग चिखलीचा संगम, शेवट नरसोबाची वाडी. मधे सुमारे 80 किलोमीटर. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या चौघी डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त, म्हणून आजवर एकटीच स्वच्छ राहिली असावी.

चिखलीला सकाळी पाणी तपासलं. लिटरमागे सात मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू. एप्रिलच्या उकाड्यात याहून जास्त कुणी मागू नये. पाणी तापलं की प्राणवायू धरून ठेवायची त्याची ताकदच कमी होते. 20 अंशांना लिटरभर पाणी जेमतेम 9 मिलिग्रॅम धरतं, 30 अंशांना साडेसात. आपण श्वास घेतो त्या लिटरभर हवेत पाव ग्रॅमहून अधिक असतो. मासा किती काटकसरीत संसार करतो ते यावरून कळावं.

पुढचे दोन दिवस कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्शात बुडाले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

शिरोळ तालुक्यातल्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. या बंधाऱ्यात मासे मेल्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो, त्यामुळे नाकाला रुमाल लावायची तयारी करूनच उतरलो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मला फार आवडतो. दगडी खांब, मधल्या खाचांत बरगे. पावसाळ्यात ते काढायचे, पाणी उतरलं की पुन्हा बसवायचे. इतकी साधी आणि शहाणी रचना क्वचित सापडते. खांबांपाशी केंदाळ दाटलं होतं, पण पलीकडे मोकळं हिरवट पाणी उन्हात चमकत होतं. वासही फारसा नव्हता. मी बाटली भरली, औषधं घातली, मोजलं. सहा! आंघोळीच्या पाण्याला किमान 5 लागतात, माशांना 4. बातम्या लिहिणाऱ्यांना दोन शब्द सुनवावेत असं मनात आलं.

खांबाच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ जाळं शिवत बसले होते. मघापासून माझे उद्योग बघत होते.

"काय निघालं, मास्तर?"

मी मास्तर आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. म्हटलं, "पाणी चांगलं आहे, मामा. सहा आलं."

ते हसले. "दुपारच्याला काय बघताय? दुपारी नदी पाहुण्यासंगं बोलल्यागत बोलती. पहाटंचं या. घरात काय चाललंय ते कळंल."

मला जरा रागच आला. तीस वर्षांची प्रॅक्टिकलं आणि हे मला शिकवणार! पण कुरुंदवाडच्या खोलीवर पंख्याखाली पडल्यावर राग उतरला आणि लाज वाटू लागली. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री आपल्यासारखंच तो वापरतं. मैलापाण्यावर आणि मळीवर पोसलेले जिवाणू तर दिवसरात्र वापरतच असतात. बंधाऱ्यात अडलेलं पाणी ना खडकांवरून उड्या मारतं, ना हवेत घुसळून निघतं. म्हणजे रात्रभर खर्च आणि जमा जवळपास शून्य. सूर्य उगवायच्या आधी शिल्लक सगळ्यात कमी. हे मी स्वतः फळ्यावर आलेख काढून शिकवलेलं होतं. तरी आयुष्यभर नमुने घेतले ते सकाळी अकरा ते चार, कारण कॉलेजची वेळ ती.

साडेचारला रिक्षावाल्याला उठवला. तो जे बोलला ते इथे लिहीत नाही.

मामा आधीच येऊन बसले होते. अंधारात पाण्यावरून बारीक 'चप चप' असा आवाज येत होता, जणू शंभर पोरं एकदम बशीतून चहा पितायत. टॉर्च मारला तर पाण्याच्या पृष्ठाला टेकलेली तोंडंच तोंडं. चिलापी. तोंडाची उघडझाप करत, वरचा पातळसा थर तेवढा ओढून घेत होती. काठाच्या चिखलात एक वाम अर्धी बाहेर येऊन पडली होती, हलतही नव्हती. "मरळीला काय हुत न्हाई," मामा म्हणाले, "ती वरची हवा खाती. बाकीच्यांचं हे असं."

मी बाटली तिरपी धरून, बुडबुडा न येऊ देता भरली. पिपेटचं टोक पाण्याखाली बुडवून आधी मॅंगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड. बूच लावून उलटीपालटी केली. 1888 साली विंकलर नावाच्या पंचविशीतल्या हंगेरियन रसायनज्ञाने ही रीत काढली. पाण्यात प्राणवायू असला की गुळाच्या पाकाच्या रंगाचा साका खाली बसतो. डिजिटल मीटरवर माझा राग आहे तो यासाठीच: मीटर आकडा दाखवतो, बाटली रंग दाखवते.

टॉर्चच्या उजेडात साका खाली बसला. पांढरा.

"हे काय, दूध नासवलं व्हय?" मामांनी वाकून विचारलं.

वर्गात पोरांना पांढरा साका दाखवायचा म्हणजे मला पाणी बराच वेळ उकळून हवाबंद गार करावं लागे. इथे नदी तो आयता देत होती. पुढे आम्ल घालून, साबुदाण्याच्या पेजेचा निळा रंग बघत थेंब मोजायचे असतात. मोजण्यासारखं काही नव्हतंच. मी बाटली तशीच मामांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

उजाडायच्या सुमारास दोघं-तिघं पोती घेऊन आले आणि तरंगणारे मासे भरू लागले. मामांनी जाळं खांद्यावरून उतरवलंच नाही. "आज टाकून उपेग न्हाई. असल्या दिवशी समदीच भरत्यात, भाव पडतो." मग थर्मासातला गुळाचा चहा झाकणात ओतून मला दिला. म्हटलं, मामा, घरी हा मासा खाता? "छ्या! उन्हाळ्यात आमच्यात बाजारातनं आणतो. धरणाचा." मासेमाराने मासे विकत आणायचे, यावर काय बोलावं मला सुचलं नाही. चहा मात्र फर्मास होता.

निघताना ते म्हणाले, "बरगं काढत्यात त्या दिवशी या. तळातलं काळं पाणी वर येतं. तवा तुमची बाटली बघायची हाय मला."

दुपारी वाडीला पोहोचलो. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथला घाट भाविकांनी फुलला होता. दर्शन घेतलं, कंदी पेढे घेतले, त्यातले चार तिथेच संपवले. माझी बाटली पाहून ओलेत्या पंच्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पाणी चांगलं आहे ना हो इथलं?"

औषध एका बाटलीपुरतंच उरलं होतं. ऊन कडक होतं, पाणी चमकत होतं, आकडा बहुधा छानच आला असता.

"उद्या सांगतो," म्हटलं, आणि आणखी एका रात्रीसाठी खोली शोधायला निघालो. या खेपेला रिक्षा लागणार नाही अशी, घाटाला लागून.