भरावावरची श्रीमंती

दक्षिण मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर भरावाच्या जमिनीचे टोक जिथे पाण्यात शिरते, त्या भागाला नरिमन पॉइंट म्हणतात. आणि ज्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांनी आपल्या उमेदीची काही वर्षे याच किनाऱ्यावरील भरावाच्या योजनेतला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणण्यात खर्च केली होती. ही विसंगती ठाऊक असलेल्या प्रवाशाला गिरगाव चौपाटीपासून कफ परेडपर्यंतचा किनारा पायी पाहण्याचा मोह होतो, आणि मग मावळत्या सूर्यापेक्षा पायाखालची जमीन कोणी, कशी आणि कोणाच्या पैशाने केली याकडेच त्याचे लक्ष अधिक जाते.

या भागातील मुक्काम खर्चिक असतो, सुखाचा असतोच असे नाही. जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवरील गेस्टहाऊसमध्ये ‘सी-फेसिंग’ म्हणून दिलेल्या खोलीतून समुद्र दिसण्यासाठी खिडकीच्या गजांना गाल टेकवावा लागतो. वाटाडे मरीन ड्राइव्हचे ‘क्वीन्स नेकलेस’ हे बिरुद आणि कोणत्या मजल्यावर कोणती नटी राहत असे एवढे सांगून मोकळे होतात. भरावाचा विषय काढला की त्यांना पुढच्या गटाची आठवण होते.

बॅकबे म्हणजे मलबार हिल आणि कुलाबा या दोन भूशिरांमधला उथळ उपसागर. तो बुजवण्याचा पहिला मोठा घाट १८६० च्या दशकात घातला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, मुंबईच्या कापसाला अवाच्या सवा भाव येत होता आणि शहरात पैसा मावत नव्हता; प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सटोडियांच्या जोरावर बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरणा झालेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांवर गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि कंपनीही बुडाली. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये या प्रकरणावर पुस्तक लिहिले, त्यात त्यांचा सारा रोख माणसांच्या हव्यासावर आहे. हव्यास होताच; परंतु वाच्छांचा हा निवाडा अपुरा वाटतो, कारण जी जमीन अजून पाण्याखाली आहे तिच्या उद्याच्या किमतीवर आजचा खर्च उभा करायचा, ही भरावाच्या धंद्याची मूळ रीतच आहे, आणि सज्जनांनी तो केला तरी ती बदलत नाही. त्या कंपनीच्या पडझडीतून उरलेली किनारपट्टी पुढे बी.बी. अँड सी.आय. रेल्वेच्या, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या, रुळांना उपयोगी पडली. चर्चगेट ते मरीन लाइन्स हा लोकलचा मार्ग एके काळी समुद्राच्या कडेने जात असे.

दुसऱ्या वेळी हा घाट खुद्द सरकारने घातला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये स्वतंत्र विकास खाते स्थापन झाले आणि १,१४५ एकर जमीन आठ विभागांत करण्याचे ठरले. पद्धत अशी, की आधी समुद्रात दगडी बांध घालून पाणी अडवायचे आणि मग बंदराच्या तळाचा गाळ ड्रेजरने उपसून नळांवाटे बांधाच्या आत सोडायचा. बांधासाठी दगड कांदिवलीच्या खाणीतून आणला जाई, आणि ड्रेजरला खुद्द गव्हर्नरसाहेबांचेच नाव दिलेले होते. परंतु बांध गळका निघाला. आत सोडलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर परत समुद्रात जाऊ लागला आणि खर्चाचे अंदाज फुगत गेले. वकील आणि कायदेमंडळाचे सदस्य असलेल्या नरिमन यांनी या कारभारावर इतक्या उघडपणे आरोप केले, की खात्यातील अभियंते हार्वी यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला; १९२८ मध्ये नरिमन त्यातून निर्दोष सुटले. तोवर चौकशी समिती बसून योजना आखडली गेली होती. पुरे झाले ते उत्तरेकडील पहिला-दुसरा आणि कुलाब्याकडील सातवा-आठवा असे चार विभाग, मिळून सुमारे ४४० एकर. कुलाब्याकडची बरीच जमीन लष्कराकडे गेली. मधले चार विभाग समुद्रच राहिले.

याच खात्याने त्याच वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे गिरणी कामगारांसाठी चाळी बांधल्या, ज्या खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आजही बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. मुंबईच्या सर्वांत महागड्या किनाऱ्याची आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांची फाइल एकाच कचेरीत होती, हे कोणताही वाटाडा सांगत नाही.

या फसलेल्या योजनेला ‘लॉइड्स फॉली’, म्हणजे लॉइडसाहेबांचा मूर्खपणा, असे नाव पडले आणि इतिहासकारांनीही ते बहुधा निमूट उचलले. पैशाच्या हिशेबात ते खरे आहे. शहराच्या हिशेबात मात्र या अपयशाचेच उपकार मानावे लागतात, कारण जमीन थोडी आणि सावकाश हाती आल्यामुळे तिच्यावर उंचीचे नियम पाळून, एकमेकींना धरून उभ्या राहणाऱ्या इमारती झाल्या. सिमेंट-काँक्रीटची नवी पद्धत, वळणदार सज्जे आणि आडव्या पट्ट्या असलेली आर्ट डेको शैली येथे १९३० च्या दशकात रुजली, आणि ती रुजवणाऱ्यांत ओव्हल मैदानासमोरचे एम्प्रेस कोर्ट बांधणारे गजानन म्हात्रे यांच्यासारखे मराठी वास्तुविशारदही होते. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या पूर्वेकडील गॉथिक इमारतींसह हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. त्यातल्या कित्येक दर्शनी भिंतींचे पोपडे मात्र निघालेले दिसतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवल्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरू जागा सोडत नाही.

चौपाटी, पदपथावरील गर्दी यांपाशी फार थांबण्याचे कारण नाही. पावले नरिमन पॉइंटकडे वळली की रस्त्याचा नूरच बदलतो. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने मधल्या विभागांतील समुद्र पुन्हा बुजवायला घेतला आणि १९७० च्या दशकात एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडिया यांसारखे मनोरे उभे राहिले. प्रत्येक मनोरा आपापल्या भूखंडावर पाठ फिरवून उभा आहे. कचेऱ्या सुटल्यावर रस्ता ओस पडतो, आणि ठरवलेला कार्यक्रम बाजूला ठेवून प्रवासी एनसीपीए या कलाकेंद्राच्या कडेला कठड्यावर नुसता बसून राहतो. शहराचा भार हलका करण्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडली, सरकारने १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे महामंडळही स्थापन केले, आणि तरीही नवे विधानभवन १९८१ मध्ये येथेच, नरिमन पॉइंटला उघडले. शहराची गर्दी पलीकडे जावी असे म्हणणाऱ्यांनी स्वतः मात्र जागा सोडली नाही. येथील भूखंडवाटपाविरुद्ध वास्तुविशारद आणि खासदार पिलू मोदी उच्च न्यायालयात गेले, पण तोवर पाया भरले गेले होते.

कफ परेडला मनोऱ्यांच्या पायथ्याशी मच्छीमारनगर आहे. वाळत घातलेले बोंबील, किनाऱ्याला ओढलेल्या होड्या आणि त्यांच्यामागे काचेच्या इमारती, असा हा देखावा पर्यटकांना छायाचित्रापुरता आवडतो. कोळ्यांच्या दृष्टीने मात्र येथील भरावाची प्रत्येक योजना म्हणजे होडी लावण्याची जागा कमी होणे.

दरम्यान बड्या कंपन्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या आणि नरिमन पॉइंटचा जुना तोरा उतरला. मार्च २०२४ मध्ये एअर इंडियाची २३ मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांना राज्य सरकारला देण्यास केंद्राने मान्यता दिली. ज्या सरकारने ती जमीन समुद्रातून काढून भाडेपट्ट्याने दिली होती, त्यालाच आता आपल्या खात्यांसाठी तिच्यावरची इमारत विकत घ्यावी लागली.