हलकं स्टिअरिंग, मुकं स्टिअरिंग

आमच्या ओझरला लोक विमान दिसायच्या आधी आवाजावरून ओळखतात. मिगचा आवाज वेगळा, सुखोईचा वेगळा, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे तयार झालेलं पहिलं तेजस उडालं तेव्हापासून त्याचाही वेगळा. एचएएल टाउनशिपमध्ये वाढलेल्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही. पण आज विमानांवर लिहायचं नाहीये (म्हणजे थोडं लिहिणार आहे, सवय जात नाही :)). विषय आहे गाडीचं स्टिअरिंग.

झालंय असं, की आमच्या घरी नवीन गाडी घ्यायचं चाललंय. सध्या २००८ साली घेतलेली मारुती ८०० आहे. जेमतेम साडेसहाशे किलोची गाडी, बारा इंची चाकं, त्यामुळे पॉवर स्टिअरिंग नसलं तरी चालून जातं. पण कधी? गाडी चालत असताना. उभ्या गाडीचं चाक फिरवायचं म्हणजे टायर रस्त्यावर जागच्या जागी घासत न्यायचा, आणि सगळ्यात जास्त ताकद तिथेच लागते. बाबांचा उजवा खांदा वर्षभरापासून धरलाय. हायवेला काही नाही, पण बाजारात मागेपुढे करून गाडी लावायची म्हटलं की चेहरा बदलतो. आईकडे लायसन्स आहे, पण तिने ही गाडी कधी मनावर घेतलीच नाही. "तुमच्या त्या स्टिअरिंगशी कुस्ती कोण खेळणार?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

तेव्हा हलकं स्टिअरिंग हवं, यावर घरात एकमत. वाद सुरू झाला तो मी 'फील' हा शब्द काढला तेव्हा. आई म्हणाली, "हे तुम्हा पोरांचे लाड. वळवलं की वळलं, झालं."

आता गंमत बघा. हा लाड नाही, हे मला पटवावं लागलं नाही. बाबांनीच माझी बाजू घेतली, आणि तीही मिगचं उदाहरण देऊन.

बाबांची सगळी नोकरी इथल्या ओव्हरहॉलच्या हँगरमध्ये गेली. १९६४ साली मिगसाठीच उभा राहिलेला हा कारखाना. मिग-२१ च्या शेपटीचे आडवे पंख अख्खेच्या अख्खे फिरतात. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा जो दाब येतो, त्याविरुद्ध ते हाताने हलवणं कोणत्याही पैलवानाला शक्य नाही. म्हणून मध्ये हायड्रॉलिक बूस्टर. पायलटने काठी हलवायची, जोर बूस्टरने लावायचा. पण हा बूस्टर एकतर्फी असतो. हवेचा जोर त्याच्यापाशी येऊन थांबतो, काठीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे तुम्ही ताशी ३०० ने जात असा नाहीतर १००० ने, काठी हाताला तशीच! आणि १००० ला तेवढीच काठी ओढली तर विमानावर आणि पायलटवर येणारा भार कितीतरी पट.

यावर रशियन डिझायनर लोकांनी काय केलं? जो जोर नाहीसा केला होता, तो पुन्हा खोटा तयार केला. काठीला स्प्रिंग लावली. शिवाय एआरयू नावाची यंत्रणा बसवली, जी वेग आणि उंची बघून काठी आणि पंख यांमधलं प्रमाण आणि स्प्रिंगचा हाताला लागणारा जोर, दोन्ही बदलते. खाली, जोरात उडताना काठी जड आणि पंखाची हालचाल थोडी. उतरताना काठी हलकी आणि हालचाल मोठी. उतरायच्या वेळेला ही यंत्रणा योग्य जागी आली आहे हे सांगणारा दिवासुद्धा कॉकपिटमध्ये असायचा.

"फील हा लाड असता, तर एवढं वजन विमानात कोणी वाहून नेलं असतं का रे?" बाबा म्हणाले. आई गप्प. (मिगचा विषय निघाला की ती तशीही गप्प बसते.)

गाडीत हे सगळं जरा उशिरा आलं. बाजारात विकत मिळणारं पॉवर स्टिअरिंग १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमध्ये आलं, हायड्रॉलिक. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि तेलाचा दाब रॅकला ढकलतो. खोट एकच, तुम्ही सरळ जात असलात तरी पंप फिरतच राहतो, पेट्रोल खातच राहतो. छोट्या इंजिनाला हे परवडत नाही, म्हणूनच १९८८ साली विजेच्या मोटरचं पॉवर स्टिअरिंग आलं ते जपानमधल्या एका चिमुकल्या गाडीत, सुझुकी सेर्व्होमध्ये. आज शोरूममध्ये बहुतेक गाड्यांत हेच असतं. स्टिअरिंगच्या दांड्यात एक पीळ खाणारी सळई असते. ती किती पिळली गेली हे सेन्सर मोजतो, कॉम्प्युटर वेग बघतो आणि मोटरला किती जोर लावायचा ते सांगतो. पार्किंगला भरपूर, हायवेला कमी. म्हणजे मिगच्या एआरयूची चुलत बहीणच की!

मग मी कशासाठी भांडतोय? तर एवढ्यासाठी, की जडपणा आणि फील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वळणावर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग थोडा पिळवटतो आणि चाकाला सरळ व्हायला लावतो. हा जोर रॅकमधून वर हातात येतो. जसजसं जास्त वळाल तसा तो वाढतो, पण पकड सुटायच्या थोडा आधी वाढायचा थांबतो आणि कमी व्हायला लागतो. म्हणजे पुढची चाकं घसरायच्या आधीच स्टिअरिंग हातात सैल पडतं. पुण्याहून येताना चंदनापुरी घाटात पहिल्या पावसाचा चिकट रस्ता लागला की आमची ८०० हे अगदी स्पष्ट सांगते. डोळ्यांना काही दिसायच्या आधी हाताला कळतं.

विजेच्या स्टिअरिंगमध्ये दांडा तोडलेला नसतो, चाकाशी जोडणी तशीच असते. पण मधल्या मोटरचं आणि गियरचं घर्षण, त्यांचं जडत्व आणि सॉफ्टवेअर यांत हा बारीक निरोप विरून जातो. सगळ्याच गाड्यांत नाही. मोटर दांड्याऐवजी रॅकवर बसवली आणि ट्यूनिंगला वेळ दिला तर बरंच काही वर येतं. पोर्शेने २०११ च्या ९११ मध्ये विजेचं स्टिअरिंग दिलं तेव्हा जाणकारांनी डोक्याला हात लावला होता, नंतर मात्र त्याच गाडीचं कौतुक झालं. पण आपल्याकडे टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची, ती पण ट्रॅफिकमध्ये. सेल्समन म्हणतो, "सर, एका बोटाने फिरतं बघा." मग ट्यूनिंग त्या एका बोटासाठीच होणार ना?

आणि ते 'स्पोर्ट' मोडचं बटण! ते बऱ्याच गाड्यांत फक्त मदत कमी करतं. स्टिअरिंग जड होतं, बोलकं होत नाही. बेचव वरणात मीठ वाढवल्यासारखं.

माझ्यातल्या इंजिनियरला जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. हा निरोप हरवलेला नाहीये. सळईचा पीळ आणि मोटरचा करंट यांवरून रॅकवर किती जोर येतोय याचा अंदाज कॉम्प्युटरला काढता येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग लिहिला जातोय, फक्त स्क्रीनवर छापला जात नाहीये. आता तर टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये दांडाच नाही, वायरीच आहेत. म्हणजे मिगसारखंच, हाताला जे लागेल ते सगळं कोणीतरी ठरवून बनवलेलं. हे वाईटच असं मी म्हणत नाही. ठरवून बनवता येतं, म्हणजे चांगलंही बनवता येतं. सुखोई आणि तेजस दोन्ही फ्लाय-बाय-वायरच आहेत, आणि तिथेही काठी हाताला कशी लागावी याचा विचार कोणीतरी केलेलाच असतो. गाडीत तो एका बोटापाशी संपतो, एवढंच दुखणं.

असो. गेल्या शनिवारी दोन गाड्या पाहिल्या. बाबांनी सेल्समनला स्पष्ट सांगितलं, गावात नको, दहाव्या मैलापर्यंत हायवेला नेतो. पहिली गाडी त्यांनी कडेच्या खडीवर मुद्दाम एक चाक उतरवून पाहिली. हातात काहीच आलं नाही. दुसरीचं स्टिअरिंगही हलकंच, पण खडी लागताच रिम किंचित थरथरली. बाबा म्हणाले, "ही थोडं बोलते."

परत येताना आई चालवायला बसली, लायसन्स काढल्यापासून पहिल्यांदाच हायवेला. पिंपळगावकडून द्राक्षांच्या क्रेट्सचा टेम्पो आला, तिने शांतपणे डावीकडे घेतलं. खडीबिडी तिला काही ऐकू आली नाही म्हणे, पण कुस्ती खेळावी लागली नाही. बुकिंग तिच्या नावाने केलंय. ८०० मात्र विकायची नाही, असं बाबांचं म्हणणं आहे, त्यावर अजून चर्चा चालू आहे.