शब्दाची पत

कुंभकोणमला बदली झाल्यापासून रविवारी तंजावरला जाण्याची मला सवय जडली आहे. शुक्रवारी एक वृद्धा सहीवाचून राहिलेला कागद घेऊन माझ्या मेजाशी आली होती. "सोमवारी या," एवढेच मी म्हणालो. नियम माझ्या बाजूचा होता. तिने मुकाट्याने कागदाची घडी घातली.

तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये फ्लॅक्समनने घडविलेले संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर पाद्री श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हाती घेतलेले आपले सरफोजीराजे! राजांनी धर्म बदलला नाही. तरीही १७९८ साली निवर्तलेल्या या गुरूचे स्मारक त्यांनी मुद्दाम करवून घेतले. हैदरअलीच्या स्वारीत तंजावरात अन्नान्नदशा झाली, तेव्हा सरकारच्या वचनावर शेतकरी धान्य देईनात. मोबदला मिळेल असा शब्द श्वार्ट्झ यांनी दिला, आणि धान्य आले. त्या शब्दाला ही पत प्रवचनांनी आली नव्हती. त्यामागे वर्षानुवर्षांची सेवा होती. ख्रिस्ती धर्मात प्रेमाला अग्रस्थान का, हे मला तेथे उमगले.

आणि माझ्या शब्दाची पत? ती वृद्धा किती लांबून आली, हेही मी विचारले नव्हते.

सोमवारी ती आली. मी उठून खुर्ची पुढे केली आणि तोडक्या तमिळमध्ये म्हणालो, "उक्कारुंग, पाट्टी." बसा, आजी. मग तिचा कागद घेऊन सहीसाठी मी स्वतःच साहेबांकडे गेलो.