माव्याच्या पोटांतील बिऱ्हाड

'जंतु' हा शब्द कानीं पडतांच आपण हात धुवावयास धांवतों, आणि तें योग्यच आहे. परंतु सारेच जंतु वैरी नसतात. पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांस काळा मावा लागतो, तो पुष्कळांनीं पाहिला असेल. तो केवळ झाडाचा रस शोषून जगतो. त्या रसांत साखर उदंड. मात्र शरीर घडविण्यास अवश्य अशीं अमिनो आम्लें फारच थोडीं. मग पाहतां पाहतां सारा वेल व्यापून टाकण्याइतकी त्याची वाढ होते कशी?

त्याच्या पोटांत कांहीं मोठ्या पेशी असतात व त्यांत गोलसर जंतु दाटीनें नांदतात. कीटकांच्या अशा बिऱ्हाडकरूंच्या अभ्यासांत पाउल बुख्नर ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें हयात घालविली. म्हणून १९९१ सालीं ह्या जंतूस बुख्नेरा हें नांव मिळालें. रसांत उणीं पडणारीं आम्लें तो पुरवितो. औषधानें हे जंतु नाहींसे केले तर मावा खुरटतो व त्याची वीण बहुतेक थांबते.

"मग जंतूस काय मिळतें?" असें वर्गांत एका मुलीनें मला विचारिलें. आयतें अन्न व सुरक्षित निवारा, हें उत्तर खरें. पण त्याचें मोल भारी पडलें आहे. सुमारें पंधरा ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीं एक मोकळा जंतु माव्याच्या पूर्वजांत शिरला आणि तेव्हांपासून तो आईकडून पिलांस वारशानें मिळत आला. बाहेरच्या जंतूंशीं संबंध तुटला. ज्या जनुकांची गरज उरली नाहीं तीं झडलीं. आणि प्रत्येक पिढींत थोडेच जंतु पुढें जात असल्यामुळें, जीं कामाचीं होतीं त्यांतही दोष सांचत गेले. २००० सालीं जपानी संशोधकांनीं त्याची जनुकसंहिता वाचिली, तेव्हां ती सुमारें ६,४०,००० अक्षरांची भरली. आपल्या आंतड्यांतील त्याचा आप्त इ. कोलाय, त्याची सुमारें ४६,००,००० अक्षरांची आहे. स्वतःचें आवरण बांधण्याचेंही पुरतें साहित्य आतां बुख्नेरापाशीं नाहीं.

ग्रंथांत ह्यास सहजीवन म्हणतात. कित्येक लेखक हौसेनें मैत्रीही म्हणतात. तो शब्द मला रुचत नाहीं. मित्रास निरोप घेतां येतो. येथें जंतु बाहेर पडला तर मरतो, आणि त्याच्यावांचून माव्याचा वंश खुंटतो. एकाची दुर्बलता ती दुसऱ्याची आपत्ति! देवदारावरील एका माव्यांत तर बुख्नेरास ट्रिप्टोफॅन नांवाचें आम्ल एकट्यानें तयार करतां येईनासें झालें आहे. तो आरंभीचें काम करितो आणि उरलेलें सेराशिया नांवाचा दुसराच जंतु पुरें करितो. त्या माव्याच्या पोटांत आतां दोन बिऱ्हाडें आहेत, आणि दोहोंवांचून त्याचें चालत नाहीं.