कंदुकवतीचा चेंडू

सहासष्टाव्या वर्षी गृहस्थाने काय करावे यासंबंधी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. परंतु त्या वयात त्याने प्रेमकथा लिहावी, आणि तीही कबड्डीच्या मैदानावरची, असे कोणी सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. तरी आमच्या हातून ते घडले. सदतीस वर्षे खेड्यापाड्यांच्या शाळांतून पाढे, शुद्धलेखन आणि व्याकरण शिकवून आम्ही चंद्रपुरास घरी बसलो. वडिलांनी बालपणी संस्कृत पढविले होते, त्याची उजळणी सुरू केली. आणि त्या उजळणीतूनच हे खूळ निघाले. घरात लहानमोठी अकरा माणसे. त्यांच्यापासून वही लपविणे शक्य नव्हते. सूनबाई तोंड फिरवून हसल्या. आमच्या सौभाग्यवतींनी चष्म्यावरून पाहत, “विष्णुसहस्रनाम लिहावयाची वही हीच का?” एवढेच विचारले.

याचे मूळ कारण आमची नात. ती येथील महाविद्यालयात शिकते, कबड्डी खेळते आणि रात्री इंग्रजी कादंबऱ्या वाचते. त्यांपैकी पुष्कळ कादंबऱ्या एकाच घाटाच्या असतात असे आमच्या ध्यानात आले. नायक खेळाडू, नायिका खेळाडू. प्रथम वैर, मग स्नेह, मग अंतिम सामना आणि शेवटी प्रीती. इंग्रजीत या प्रकारास ‘स्पोर्ट्स रोमान्स’ असे स्वतंत्र नावच पडले आहे. बर्फावरील हॉकीच्या संघाचा कर्णधार आणि बर्फावर नृत्य करणारी मुलगी यांच्यावरील ‘आइसब्रेकर’ ही २०२२ सालची कादंबरी तिने आम्हांस दाखविली. आम्ही शिक्षकी स्वभावानुसार निकाल देऊन टाकला, “खेळ निराळा, शृंगार निराळा. या दोहोंची खिचडी आपल्या वाङ्मयात कोणी केलेली नाही.”

म्हणालो खरे, परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर आमचेच शब्द आम्हांस टोचू लागले. जनकाच्या सभेतील धनुष्य आणि द्रुपदाच्या मंडपातील मत्स्य हे दुसरे काय होते? आणि हे तर दूरचे दाखले. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’त मित्रगुप्ताची कथा आहे. सुह्म देशच्या राजाची कन्या कंदुकवती दर महिन्यास कृत्तिका नक्षत्रावर विंध्यवासिनी देवीपुढे चेंडू खेळते. ती तो कसा आपटते, कसा उडविते, कशी पुढे धावते आणि मागे सरते, याचे वर्णन दण्डीने एखाद्या जाणत्या क्रीडावार्ताहरास साजेल अशा बारकाईने केले आहे. चालींची नावेसुद्धा तो देतो. चूर्णपद, गीतमार्ग, गोमूत्रिका. मित्रगुप्त प्रेक्षकांत उभा राहून पाहतो आणि तेथेच त्याचे मन हरपते. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ! शिवाय याच ग्रंथातील विश्रुताची कथा आमच्या विदर्भात घडते. मग आम्हीच मागे का राहावे? दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेतली.

आमची नायिका आलापल्लीच्या जंगलातील एका वनरक्षकाची मुलगी. नायक चंद्रपूरच्या पुरुषसंघातील नामांकित खेळाडू. अंतिम सामन्यात नायिका शेवटच्या चढाईत संघास विजय मिळवून देते. नायक प्रेक्षकांत उभा. पुढे उभय घरांच्या संमतीने विवाह. शेवटच्या परिच्छेदात ती आपला खेळाचा पोषाख घडी करून पेटीच्या तळाशी ठेविते व माप ओलांडून घरात येते. ‘शुभं भवतु’ लिहून आम्ही वही नातीच्या स्वाधीन केली.

तिने ती रात्रीत वाचली आणि सकाळी चहाच्या वेळी सर्वांसमक्ष आमची परीक्षा घेतली. “आजोबा, समोर चारच खेळाडू असताना तुमच्या नायिकेला बोनस गुण कसा मिळाला? त्याला समोर निदान सहा लागतात.” ही पहिली चूक. “चढाई तीस सेकंदांची असते. तेवढ्यात ती नायकाकडे तीनदा बघते, दोनदा लाजते आणि वर एक उसासा टाकते. उसासा टाकला की दम तुटला. तिथेच ती बाद!” ही दुसरी. तिसरी चूक आमच्या चिरंजीवांनी काढली. संस्कृत काव्याच्या ओघात आम्ही आलापल्लीस सालवृक्षांची राई उभी केली होती. ते अरण्य तर सागवानाचे! सर्व मंडळी पोटभर हसली आणि आम्हीही हसलो.

मग नात जरा थांबून म्हणाली, “आणि आजोबा, लग्नानंतर तिचा खेळ कुठे गेला?”

आम्ही विद्वत्तेचा आश्रय केला. कंदुकवतीस देवीची आज्ञाच तशी होती, की सातव्या वर्षापासून विवाहापर्यंत दर महिन्यास चेंडू खेळून माझी आराधना करावी आणि मनाजोगा पती मिळवावा. “म्हणजे नवरा मिळाला की चेंडू संपला,” ती म्हणाली. तिने २००७ सालच्या ‘चक दे! इंडिया’ या चित्रपटाची आठवण दिली. त्यातील एका खेळाडू मुलीस सासर घरी बोलावीत असते, आणि दुसरीस तिचा प्रसिद्ध क्रिकेटपटू वर तिच्या हॉकीहून आपला खेळ मोठा समजत असतो. “ते सिनेमावाल्यांना दिसलं. तुम्हाला नाही दिसलं?” आम्हांस उत्तर सुचले नाही. खरे म्हणजे जे सुचले ते त्या बैठकीत सांगण्याजोगे नव्हते.

जे अरण्य पाहिले नाही त्यावर लिहू नये, असा ठराव होऊन हिवाळ्यात आम्ही सर्वजण गाडी करून निघालो. मुलांचा हेतू निराळा होता. ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रियल हीरो’ हा समृद्धी पोरे यांचा २०१४ सालचा चित्रपट त्यांनी घरी अनेकदा पाहिला होता; नाना पाटेकर जेथे वावरले ते हेमलकसा त्यांना पाहावयाचे होते. चित्रपटातील जागा पाहण्यासाठी प्रवास करण्याची ही हौस आता सर्वत्र आहे. ‘स्वदेस’ पाहून लोक वाईजवळच्या मेणवलीचा घाट पाहावयास जातात. आम्ही यास खूळ म्हणणार होतो, परंतु जीभ आवरली. आम्ही स्वतः दरवर्षी विद्यार्थ्यांस रामटेकास नेत असू आणि यक्ष कोठे उभा राहून मेघाशी बोलला असेल ते बोटाने दाखवीत असू. कालिदासासाठी गेले तर यात्रा आणि चित्रपटासाठी गेले तर खूळ, हा न्याय नव्हे.

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता. आष्टीस वैनगंगा ओलांडली की मनुष्यवस्ती विरळ होत जाते. आलापल्लीचे सागवान पाहून आम्ही आमची साल-राई मनातल्या मनात तोडून टाकली. असले सरळ, उंच वृक्ष की मान मागे टाकावी तेव्हा शेंडा दिसतो. तेथून पुढे भामरागडचा रस्ता अरण्यातून जातो. भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे, आणि त्याच्या अलीकडे हेमलकसा.

बाबा आमटे यांनी येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी हे नवविवाहित दांपत्य या अरण्यात राहावयास आले तेव्हा वीज नव्हती आणि पावसाळ्यात रस्ताही नव्हता. माडिया लोकांची भाषा प्रथम शिकावी लागली. त्यांचा विश्वास त्यानंतर. २००८ साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज रुग्णालय आहे, निवासी शाळा आहे, पोरक्या वन्य प्राण्यांचे अनाथालय आहे, आणि पुढची पिढी काम पाहत आहे.

मुले बिबट्यापाशी रमली. आम्ही रुग्णालयाच्या बाजूस उभे होतो. दूरदूरच्या पाड्यांवरून आलेली माणसे झाडाखाली बसली होती. कोणाच्या मांडीवर तापाने मलूल झालेले मूल, कोणाच्या पायास पट्टी. त्यांच्या पलीकडून एक पर्यटक मोठ्याने विचारीत होता, “शूटिंग नेमकं कुठं झालं हो?” आम्हांस प्रथम त्याचा राग आला, नंतर ध्यानात आले की तोच प्रश्न आमच्याही ओठांवर होता. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो, लोक डोळे पुसून घरी जातात. येथे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा झाडाखाली माणसे येऊन बसतात.

आणखी एक गोष्ट तेथे मनात आली. आमच्या कथेत विवाह हा शेवट होता. येथील कथेचा तर तोच आरंभ. मंदाकिनीताई भूलशास्त्र शिकलेल्या डॉक्टर. त्यांनी लग्नानंतर आपली विद्या पेटीच्या तळाशी ठेविली असती तर या झाडाखाली बसलेल्यांचे काय झाले असते?

परत येताना आलापल्लीच्या अलीकडे एका गावाजवळ गाडीचे चाक बसले. ते बदलीपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या पटांगणावर टेकलो. मुली कबड्डी खेळत होत्या; चुन्याऐवजी राखेने रेषा आखलेल्या. कडेला एक तरुण स्त्री कडेवर मूल घेऊन पाहत होती, गळ्यात काळी पोत. एका बाजूस एक खेळाडू कमी पडत होती. मुलींनी हाक मारली तशी तिने मूल शेजारच्या म्हातारीच्या ओटीत दिले, पदर खोचला, मध्यरेषेस हात लावून कपाळाशी नेला आणि चढाईस गेली. पाऊण मिनिटाचेही काम नव्हते. दोघींनी तिला घोट्यास धरून पाडले. ती बाद झाली, हसत धूळ झटकीत बाहेर आली आणि मूल परत घेतले. म्हातारी त्या वेळात मुलाशी बोलत होती. आकाश कोसळले नाही. नात आमच्याकडे पाहत होती. आम्ही तिच्याकडे पाहिले नाही.

आता जे चहाच्या वेळी सांगितले नाही ते वाचकांस सांगतो. आमची धाकटी बहीण हायस्कुलात व पुढे कॉलेजात कबड्डी खेळत असे. १९८० साली तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. गडचिरोली तेव्हा निराळा जिल्हा झालेला नव्हता. तो १९८२ साली झाला. एवढ्या मोठ्या जिल्ह्यातून बारा मुली, त्यांत ती एक. त्याच महिन्यात तिला स्थळ सांगून आले. वडिलांनी आम्हांस विचारले, कारण आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो आणि घरात आमच्या मताला वजन आले होते. आम्ही म्हणालो, “लग्न ठरेपर्यंत खेळली, पुष्कळ झाले.” देवीच्या आज्ञेचेच हे शब्द, दण्डी वाचलेला नसताना! ती काही बोलली नाही. तिचा पोषाख शाळेत परत नेऊन देणारेही आम्हीच. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी याच खेळाचे प्रात्यक्षिक जगास दाखविले, हे आम्ही वर्गात छाती फुगवून सांगत असू. घरात मात्र असे वागलो. पुढे तीस वर्षांनी, २०१० साली, आशियाई क्रीडास्पर्धांत स्त्रियांची कबड्डी प्रथम खेळली गेली आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक आणले. त्या दिवशी वर्तमानपत्र आम्ही दोनदा वाचले आणि बहिणीस पत्र लिहावयास बसलो. पत्र लिहिले गेले नाही.

या भाऊबीजेस ती आली. ओवाळून झाल्यावर ओवाळणीबरोबर आम्ही ती वही तिच्या ताटात ठेविली. माजघरात बसून तिने ती वाचली. आम्ही बाहेर झोपाळ्यावर बसून होतो. क्षमा कशा शब्दांत मागावी याची जुळवाजुळव चालली होती. सदतीस वर्षे व्याकरण शिकविलेल्या माणसास एक वाक्य जुळेना. शेवटी ती वही घेऊन आली व शेजारी बसली.

“दादा,” ती म्हणाली, “ही मी आहे का?”

आम्ही मान हलविली.

“मग चढाई कशाला दिलीस? मी डाव्या कोपऱ्याला खेळायची. पकड माझी होती.”

बेचाळीसहून अधिक वर्षे ज्या गोष्टीचे ओझे आम्ही मनात बाळगले असे समजत होतो, ती गोष्ट मुळात काय होती हेही आम्हांस ठाऊक नव्हते. तिचा एकही सामना आम्ही पाहिलेला नव्हता. आम्ही म्हणालो, “चुकलो.” एवढाच शब्द आला. तिने आमच्या हातावर हात ठेविला आणि नातीस हाक मारली. मग अंगणात त्या दोघी, एक साठी ओलांडलेली आणि एक एकोणीस वर्षांची, घोटा कसा धरावा यावर दिवेलागण होईपर्यंत वाद घालीत होत्या.

कथा आम्ही पुन्हा लिहीत आहो. नायिका आता डाव्या कोपऱ्यास उभी असते. झाडे सागाची आहेत. विवाह आहेच, कारण मुलीस तो मुलगा आवडतो आणि आम्हांसही. परंतु विवाहाचे प्रकरण आम्ही मध्यावर आणले आहे. पुढील प्रकरणांत काय घडावे हे आमची बहीण दर रविवारी दूरध्वनीवरून सांगते, आणि बोनस गुणांचा हिशोब नात तपासते.

वाचकहो, आपल्या घरातही एखादा पोषाख पेटीच्या तळाशी असेल. तो कोणाचा आहे, एवढे तरी विचारावे. आणि ती कोणत्या जागी खेळत असे, हेही विचारावयास विसरू नये.